हिशेबपट्टीची १८० ओळींची रुबी मेथड: तुकडे करावेत की नियम बाहेर काढावेत?

सातपूरकर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला एका छोट्या कंपनीत काम करतो. निफाड तालुक्यातील काही कांदा आडतदारांसाठी आम्ही रुबी ऑन रेल्समध्ये लिहिलेली हिशेबाची प्रणाली सांभाळतो. लिलाव झाल्यावर माल खळ्यावर रिकामा होतो, भरलेल्या व रिकाम्या ट्रॉलीच्या वजनातून निव्वळ वजन निघते, आणि त्यावरून शेतकऱ्याची हिशेबपट्टी छापली जाते. पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी आवारातून हलत नाही, त्यामुळे या कामात चूक आणि उशीर दोन्ही चालत नाहीत.

हा सगळा हिशेब एकाच मेथडमध्ये (कोडच्या एका नाव दिलेल्या तुकड्यात) आहे. तिच्या १८० ओळी आहेत आणि तिला नऊ आर्ग्युमेंट्स द्यावी लागतात. आत कांद्याचा प्रकार (लाल, रांगडा, उन्हाळ, शिवाय गोलटी म्हणजे लहान कांदा), हमाली, तोलाई, वाराई (माल हाताळण्याचे व तोलण्याचे आकार), आधी घेतलेली उचल आणि व्यवहाराची तारीख या सगळ्यांवर अवलंबून असलेले इफ-एल्स काही ठिकाणी पाच पातळ्यांपर्यंत खोल गेलेले आहेत. रुबोकॉप (रुबी कोडची शैली व गुंतागुंत तपासणारे साधन) चालवल्यावर सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी ३१ आणि एबीसी साइज ९४ दिसते.

मागच्या महिन्यात मी या मेथडचे चौदा प्रायव्हेट मेथड्समध्ये तुकडे केले आणि मधली मूल्ये इन्स्टन्स व्हेरिएबल्समध्ये (वस्तूच्या सगळ्या मेथड्सना दिसणाऱ्या चलांत) ठेवली. रुबोकॉपची तक्रार बंद झाली. परंतु दुसऱ्याच दिवशी माझ्या सहकाऱ्याने विचारले की आडत (आडतदाराचे कमिशन) नक्की कोणत्या मेथडमध्ये ठरते, आणि ते मलाही चटकन सांगता आले नाही. पूर्वी निदान वरून खाली वाचत गेले की उत्तर सापडत असे. म्हणून तो बदल मी मुख्य शाखेत घेतलेला नाही.

माझा मुख्य प्रश्न असा की आकडे कमी झाले आणि वाचणे कठीण झाले, तर याला सुधारणा म्हणावे का, आणि नसेल तर कापायचे कुठे? दुसरा, तुलनेने किरकोळ प्रश्न असा की आम्ही तिघे जण तीन पद्धतींनी लिहितो (अवतरणचिन्हे, कंस, ओळींची लांबी), त्यावरून प्रत्येक रिव्ह्यूमध्ये वाद होतो. हंगाम चालू असताना यातील काय हाती घ्यावे? आम्ही रुबी ३.२ वापरतो.

जुना कारकून (उत्तर)

तुमच्या सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न हेच खरे मोजमाप आहे. तरीही रुबोकॉपचे आकडे काय मोजतात हे आधी पाहू, कारण ते न कळता त्यांच्यामागे लागल्यामुळेच चौदा तुकडे झालेले आहेत.

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी ही संकल्पना थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडली. प्रोग्राममधून जाण्याच्या स्वतंत्र वाटा किती, एवढेच ती मोजते: सुरुवात एकापासून होते आणि प्रत्येक इफ, व्हेन, लूप, रेस्क्यू, तसेच 'आणि' व 'किंवा' यांमागे एकाची भर पडते. रुबोकॉप &. हे चिन्हसुद्धा वाट म्हणून मोजतो, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे 'निल (म्हणजे काहीच मूल्य नाही) असेल तर थांब' असा एक निर्णय लपलेला असतो. त्याची डिफॉल्ट मर्यादा ७ आहे. मॅकेब यांनी स्वतः १० ही सोयीची मर्यादा सुचवली होती.

एबीसी साइज ही वेगळी गोष्ट आहे. व्हेरिएबलला दिलेली मूल्ये, केलेले मेथड कॉल आणि तपासलेल्या अटी अशा तीन संख्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले जाते. समजा ६ असाइनमेंट, १५ कॉल आणि ८ अटी असतील, तर ३६, २२५ आणि ६४ मिळून ३२५ होतात आणि वर्गमूळ सुमारे १८ येते, म्हणजे १७ या डिफॉल्ट मर्यादेच्या किंचित वर. यात सर्वात जड पारडे कॉल्सचे आहे हे लक्षात घ्या. ज्या मेथडमध्ये एकही अट नाही पण नुसतीच फील्ड्सची ने-आण आहे, तिचाही एबीसी फुगतो. तशी मेथड कंटाळवाणी असते, धोकादायक नसते. तुमच्या बाबतीत ३१ हा आकडा ९४ पेक्षा अधिक गंभीर आहे.

आता चौदा तुकड्यांविषयी. ही सर्व मोजमापे एकेका मेथडपुरती असतात. एकतीस वाटा चौदा घरांत वाटून दिल्या की प्रत्येक घराची गर्दी कमी दिसते, परंतु गावातील माणसे तेवढीच राहतात. त्यातही मधली मूल्ये इन्स्टन्स व्हेरिएबल्समध्ये ठेवल्यामुळे तुम्ही एक नवी अडचण निर्माण केलेली आहे: चौथी मेथड दुसरीच्या आधी बोलावली तर ती निल घेऊन बसेल, आणि हे अवलंबित्व कुठेही लिहिलेले नाही. पूर्वी निदान ओळींचा क्रमच तो क्रम सांगत होता.

कापायचे कुठे, याचे उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. त्या मेथडमध्ये दोन निरनिराळी कामे एकमेकांत विणली गेली आहेत. एक काम म्हणजे 'या तारखेला, या मालाला, कोणता नियम लागू होतो' हे ठरवणे. दुसरे म्हणजे ठरलेल्या नियमाने गुणाकार-वजाबाकी करणे. निर्णय आणि गणित यांची फारकत करा.

आडतीचेच उदाहरण घ्या. जुलै २०१६ मध्ये राज्यात कांदा-बटाट्यासह फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. तुमची प्रणाली त्याआधीपासूनची असेल, तर त्या मेथडच्या पोटात कुठेतरी तारखेची एक अट असणारच, आणि माझा अनुभव असा की ती एकाच ठिकाणी नसते. आडतीच्या हिशेबात एकदा, पट्टी छापताना एकदा आणि बेरजेच्या वेळी पुन्हा एकदा, अशी ती विखुरलेली असते. हा नियम म्हणजे कोड नव्हे, माहिती आहे. रुबी ३.२ मध्ये डेटा हा नवा क्लास आलेला आहे. त्याच्या डिफाइन मेथडने न बदलणाऱ्या मूल्यांची एक छोटी वस्तू तयार होते. 'कधीपासून लागू', 'आडत कोणाकडून', 'हमालीचा दर', 'तोलाईचा दर' अशा चार-सहा फील्ड्सची नियम-वस्तू करा, अशा वस्तूंची यादी तारखेच्या उतरत्या क्रमाने ठेवा, आणि व्यवहाराच्या दिवशी किंवा त्याआधी लागू झालेली पहिली वस्तू फाइंडने उचला. त्यानंतर मुख्य मेथडचा गाभा एवढाच उरतो (वाचण्यासाठी नावे देवनागरीत लिहितो):

नियम = लागू_नियम(दिनांक)
ढोबळ = निव्वळ_वजन * भाव
देय = ढोबळ - शेतकऱ्याची_कपात(नियम, ढोबळ) - उचल

या तीन ओळींत एकही अट नाही. अटी नाहीशा झालेल्या नाहीत. त्यांतील बहुतेक यादीच्या ओळी झाल्या आहेत, आणि उद्या दर बदलला तर इफ वाढवण्याऐवजी यादीत एक ओळ वाढेल. आडत कुठे ठरते, या प्रश्नाचेही आता एकच उत्तर आहे.

दोन लहान सूचना. हॅशमधून (किल्ली-मूल्यांच्या जोड्यांतून) दर काढताना चौकोनी कंसाऐवजी फेच वापरा. चौकोनी कंस नसलेल्या किल्लीसाठी गुपचूप निल देतो आणि ते निल दहा ओळींनंतर भलत्याच ठिकाणी फुटते. फेच तिथल्या तिथे कीएरर देऊन थांबतो. आणि पाच पातळ्यांचे घरटे मोडण्यासाठी गार्ड क्लॉज वापरा: वजन शून्य असेल किंवा लिलाव रद्द झाला असेल, तर मेथडच्या पहिल्याच ओळींत परत फिरा, म्हणजे उरलेला मजकूर डाव्या समासापाशी राहतो.

पट्टी तपासनीस (उत्तर)

वरील मांडणी मला मान्य आहे, पण क्रम उलटा नको. त्या मेथडला हात लावण्यापूर्वी ती आज काय करते हे बांधून ठेवा. काय करायला हवे ते नव्हे, काय करते ते.

पद्धत साधी आहे. डेटाबेसमधून जुन्या तीन-चारशे पट्ट्या निवडा. सरळसोट पट्ट्या थोड्याच घ्या. गोलटीच्या, उचल ढोबळ रकमेपेक्षा जास्त असलेल्या, २०१६ च्या आधीच्या आणि एकाच ट्रॉलीत दोन प्रकारचा माल असलेल्या पट्ट्या आवर्जून घ्या. प्रत्येकीची इनपुट मूल्ये आणि आजच्या कोडने दिलेले उत्तर एका फाइलमध्ये साठवा, आणि मिनीटेस्ट किंवा आरस्पेक या चाचणी-साधनांत एकच टेस्ट लिहा जी ती फाइल वाचून पैशापर्यंत तुलना करील. सिंपलकव्हने (टेस्टमध्ये कोणत्या ओळी चालल्या हे दाखवणाऱ्या साधनाने) एकदा पाहा की त्या १८० ओळींपैकी कोणत्या ओळींना एकाही पट्टीचा स्पर्श झालेला नाही. तिथे एक तर पट्टी कमी पडते आहे किंवा ती ओळ मृत आहे.

याचा आग्रह का, तर राउंडिंगसाठी. समजा हमाली १२.५० आणि तोलाई ७.५० आहे. रुबीची राउंड मेथड अर्धा आला की वर नेते. जुना कोड प्रत्येक कपात वेगळी राउंड करत असेल तर १३ आणि ८ मिळून २१ रुपये होतात. तुम्ही नव्या सुटसुटीत कोडमध्ये बेरीज करून मग राउंड केले तर २० होतात. नवे उत्तर कदाचित अधिक योग्य असेल. परंतु आडतदाराची वही, शेतकऱ्याच्या हातातील पट्टी आणि तुमची प्रणाली यांत एका रुपयाचा फरक पडला की फोन तुम्हालाच येणार आहे. रचना बदलताना वर्तन बदलू नये. राउंडिंग बदलायचे असेल तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या कमिटमध्ये आणि आडतदाराला सांगून बदलावे.

रक्कम फ्लोटमध्ये ठेवलेली असेल तर तेही आत्ता बदलू नका. त्याची फक्त नोंद करून ठेवा.

गंगापूर रोड (उत्तर)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडक्यात लिहितो. अवतरणचिन्हांवर वाद घालण्यात आयुष्य घालवू नये. रुबोकॉपचे डिफॉल्ट नियम हे रुबी समुदायाने मिळून लिहिलेल्या शैली-मार्गदर्शिकेवर आधारलेले आहेत. ते घ्या, किंवा तेवढीही चर्चा नको असेल तर स्टँडर्ड हे जेम घ्या, ज्यात नियम जवळपास बदलताच येऊ नयेत असाच हेतू आहे. जुन्या कोडमधील हजारो तक्रारी एकदम मिटवण्याची गरज नाही. रुबोकॉपचा 'ऑटो-जेन-कॉन्फिग' हा पर्याय चालवला की आजच्या सगळ्या तक्रारी एका टुडू फाइलमध्ये नोंदल्या जातात आणि यापुढे फक्त नव्या कोडची झडती होते. मग दर आठवड्याला त्या फाइलमधून एखादा नियम खोडायचा.

नुसते फॉरमॅटिंगचे बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा. गिट २.२३ पासून ब्लेमला काही कमिट वगळायला सांगता येते, त्यामुळे 'ही ओळ कोणी लिहिली' याचे उत्तर शाबूत राहते.

दिंडोरीचा (उत्तर)

मी थोडा विरोधी सूर लावतो.

नियमांची यादी करा हे ठीक आहे, पण तिथे थांबता आले पाहिजे. असाच एक हिशेब मी पाहिला आहे, ज्यात उत्साहाच्या भरात प्रत्येक कपातीसाठी एक क्लास, त्या क्लासेससाठी एक फॅक्टरी आणि फॅक्टरीला खाऊ घालण्यासाठी लॅम्बडांचा एक हॅश लिहिलेला होता. प्रत्येक मेथड चार ओळींची, रुबोकॉप अगदी खूश, आणि हमालीचा दर बदलायला सात फाइल्स उघडाव्या लागत. आमच्या घरी द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत कात्री तीच असते, पण किती डोळे राखायचे हे निरनिराळे असते. फळछाटणीच्या वेळी खरड छाटणीसारखा हात चालवला तर त्या वर्षीचे पीक गेले. हंगाम चालू असताना तुम्ही फळछाटणीच्या बेताने कापा, म्हणजे आडत आणि तारखेच्या अटी तेवढ्या बाहेर काढा. बाकीचे लाल आणि उन्हाळचा हंगाम उलटल्यावर पाहू.

मर्यादांबद्दलही तेच. मेथड दहा ओळींची असावी ही रुबोकॉपची डिफॉल्ट मर्यादा आहे. रुबीवर लिहिणाऱ्या सँडी मेट्झ यांनी तर पाच ओळींचा नियम सुचवला आहे, पण त्यासोबत सबळ कारण असेल तर नियम मोडण्याची मुभाही ठेवली आहे. आमच्या गटात आम्ही ओळींची मर्यादा १८ केली, मात्र घरट्यांची खोली आणि सायक्लोमॅटिक यांना हात लावला नाही. सरळ वाचत जाणाऱ्या सोळा ओळी मला कधी नडल्या नाहीत. तीन पातळ्या खोल असलेल्या आठ ओळी अनेकदा नडल्या. केस-व्हेनच्या बाबतीत पर्सीव्ह्ड कॉम्प्लेक्सिटी हे दुसरे मोजमाप अधिक समजूतदार आहे. एकाच मूल्यावर चाललेल्या केसमधील प्रत्येक व्हेनला ते पूर्ण एक गुण लावत नाही, कारण माणूसही अशी यादी एका नजरेत वाचतो.

आणि नावे. या विषयावर कोणीच काही बोलले नाही याचे आश्चर्य वाटते. तुमच्या कोडमध्ये हमालीला 'लेबर चार्ज वन' आणि वाराईला 'लेबर चार्ज टू' असे काही म्हटलेले असेल, अशी मला दाट शंका आहे. आडतदार ज्याला वाराई म्हणतो त्याला कोडमध्येही वाराईच म्हणा. जुना कारकून यांनी लिहिलेल्या त्या तीन ओळी रुबीत खरोखरच चालतात, कारण मेथड आणि व्हेरिएबलची नावे देवनागरीत लिहिता येतात. क्लासचे नाव मात्र देवनागरीने सुरू करता येत नाही, कारण ते मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते आणि आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत. शिवाय रुबोकॉपचा आस्की नावांचा नियम तक्रार करतो. म्हणून आम्ही शब्द मराठी ठेवतो आणि लिपी रोमन. यामुळे कॉम्प्लेक्सिटीचा एकही आकडा कमी होत नाही, पण आडतदाराचा फोन आला की तो बोलेल तोच शब्द थेट शोधता येतो.

सातपूरकर (प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. काय केले ते कळवतो, आणि आधी माझी चूक सांगतो.

गंगापूर रोड यांचे उत्तर वाचून मी त्याच संध्याकाळी रुबोकॉपचा ऑटोकरेक्ट चालवला. त्याच्या पर्यायात लहान ए दिला तर फक्त सुरक्षित बदल होतात आणि मोठा ए दिला तर असुरक्षितही होतात. मी मोठा ए दिला. पट्टी तपासनीस यांनी सांगितलेली फाइल तेव्हा तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आडतदाराकडे काही पट्ट्या छापल्याच जाईनात, आणि शेतकरी ताटकळत बसले. कारण असे निघाले की जुन्या कोडमध्ये 'उचल बरोबर-बरोबर शून्य' अशी तुलना होती. रुबोकॉपने तिचे रूपांतर झीरो या प्रश्नार्थक मेथडमध्ये केले. ज्याने उचल घेतलेलीच नाही अशा शेतकऱ्याच्या नोंदीत तिथे निल होते. निलची शून्याशी तुलना केली तर शांतपणे 'नाही' असे उत्तर येते, पण निलला झीरो ही मेथडच नाही. बदल लगेच मागे घेतला. दोष साधनाचा नव्हता, त्याने असुरक्षित हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता.

त्यानंतर मात्र क्रमाने गेलो. ३६० पट्ट्यांची फाइल केली. सिंपलकव्हने दाखवले की २२ ओळींना एकही पट्टी शिवत नाही. त्यांतील बहुतेक ओळी एका बंद झालेल्या छपाई-नमुन्यासाठीच्या होत्या, त्या काढून टाकल्या. तारखेची अट तीन नव्हे, चार ठिकाणी सापडली. नियमांची यादी झाल्यावर मुख्य मेथड १४ ओळींची उरली आणि कपातीच्या तीन लहान मेथड्स झाल्या. इन्स्टन्स व्हेरिएबल एकही नाही, जे हवे ते आर्ग्युमेंटने जाते. नऊ आर्ग्युमेंट्सपैकी वजन, भाव, प्रकार आणि तारीख यांची मिळून एक व्यवहार-वस्तू केल्यामुळे आता सहाच उरली आहेत. आणि हो, वाराईचे नाव 'लेबर चार्ज टू' हेच होते.

एक गोष्ट अडली आहे. गोलटी मिसळलेल्या मालाची मेथड सायक्लोमॅटिक ९ वर अडकली आहे. ती यादीत बसत नाही, कारण तिथला निर्णय खळ्यावर माल पाहून होतो आणि प्रत्येक आडतदाराची रीत थोडी वेगळी आहे. मर्यादा ७ ची ९ करावी का?

जुना कारकून (उत्तर)

संपूर्ण प्रकल्पाची मर्यादा एका मेथडसाठी वाढवू नका, नाहीतर पुढची प्रत्येक मेथड ९ पर्यंत पसरेल. त्या मेथडपुरता नियम बंद करणारी टिप्पणी लिहा आणि तिच्याच वर एका ओळीत कारण लिहा: गोलटीची वर्गवारी आडतदारागणिक बदलते, रीत एकसारखी झाल्यास ही मेथड यादीत हलवावी. त्या रीतीच्या तीन-चार पट्ट्या तुमच्या ३६० मध्ये आहेत का, तेवढे मात्र पाहून घ्या.